एका अमेरिकन शेतकऱ्याच्या घराण्याचा शोध

एक सहासष्ट वर्षांची बाई आपल्या लहानपणाचे घर शोधायला निघाली आहे. बरोबर तिची लेक आहे. साल १९३३. अमेरिकेतील कॅन्सास आणि ओक्लाहोमा या दोन राज्यांच्या सीमेवरचा मुलूख. बाईला एवढे ठाऊक आहे की, इंडिपेंडन्स नावाच्या गावापासून चाळीस मैलांवर, उघड्या माळावर, आपल्या वडिलांनी ओंडके रचून एक झोपडे बांधले होते. विहीर खणली होती. त्याच घरात धाकटी बहीण जन्मली. मायलेकींनी पुष्कळ शोध केला. घराची जागा काही सापडली नाही.

ही बाई म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर. मुलांसाठी लिहिणारी अमेरिकेतली एक फार लोकप्रिय लेखिका. १९३२ ते १९४३ या काळात तिने आठ पुस्तके लिहिली. त्यांतली बहुतेक तिच्या स्वतःच्या बालपणावर बेतलेली आहेत. तिचे वडील चार्ल्स इंगल्स हे त्या कथांचे नायक. कसेल त्याची जमीन या आशेने गाडीत बायकामुले घालून पश्चिमेकडे सरकत राहिलेला हा शेतकरी. अशा माणसाला अमेरिकन लोक ‘पायोनिअर’ म्हणतात. नव्या मुलखात आधी जाऊन जो नांगर धरतो, तो पायोनिअर.

आता गंमत अशी की, जे घर खुद्द लेकीला सापडले नाही, ते पुढे एका सरकारी कागदाच्या आधाराने सापडले. कसे सापडले, हे आज मी आपणास सांगणार आहे. त्या निमित्ताने, एखाद्या घराण्याचा इतिहास लावायचा म्हणजे नेमके काय करायचे, घरची सांगी कुठवर धरायची आणि कागद कुठवर मानायचा, याचाही विचार होईल. मी इतिहास शिकवतो. वर्गात मुले विचारतात, ‘सर, आजी सांगते ते खरं की पुस्तकात छापलंय ते?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. चार्ल्स इंगल्सच्या गोष्टीत मात्र त्याचे बरेचसे उत्तर मिळते.

घराण्याचा शोध घेणाऱ्याचा पहिला नियम असा की, जवळून लांब जावे. माहीत असलेल्या माणसापासून माहीत नसलेल्याकडे. आधी घर झाडावे. अमेरिकेत घरोघर एक मोठे बायबल असे. त्यात मधली काही पाने कोरी ठेवलेली असत. जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद त्या पानांवर हाताने करायची, अशी चाल होती. इंगल्सांच्या घरातही असे बायबल होते. दुसरे साधन म्हणजे थडग्यावरचा दगड. साउथ डकोटा राज्यातल्या द स्मेट या गावी चार्ल्सचे थडगे आहे. तो १९०२ च्या जूनमध्ये वारला. जन्म १० जानेवारी १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या क्युबा या खेड्यातला.

म्हणजे आता आपल्या हाती दोन टोके आली. जन्म पूर्वेला, मृत्यू हजारभर मैल पश्चिमेला. मधली सहासष्ट वर्षे हा माणूस कुठे कुठे होता? त्यासाठी दुसरे साधन घ्यावे लागते, ते म्हणजे खानेसुमारी. आपण शिरगणती म्हणतो ती.

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली आहे. पण पहिली सहा शिरगणत्या, म्हणजे १८४० पर्यंतच्या, शोधकाला फारशा उपयोगी पडत नाहीत. त्यांत फक्त घरच्या कर्त्याचे नाव लिहीत. बाकीची माणसे नुसती मोजत. इतके पुरुष, इतक्या बायका, अमुक वयाचे इतके. १८५० साली पद्धत बदलली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय आणि जन्माचे राज्य लिहू लागले. १८८० साली आणखी दोन रकाने आले. कर्त्याशी नाते काय, आणि आईबाप कुठे जन्मले? शोधकाला हे दोन रकाने म्हणजे मोठी ठेव वाटते.

आता एक युक्ती सांगतो. शिरगणती दहा वर्षांनी एकदा होते. मधल्या नऊ वर्षांत बिऱ्हाड चार ठिकाणी फिरले असेल तर? अशा वेळी मुलांची जन्मस्थाने पाहावीत. चार्ल्सची थोरली मुलगी मेरी १८६५ साली विस्कॉन्सिनमध्ये जन्मली. दुसरी लॉरा, तीही विस्कॉन्सिनमध्येच, १८६७ साली. तिसरी कॅरी, १८७० साली कॅन्सासमध्ये. मग एक मुलगा, १८७५ साली मिनेसोटात. शेवटची ग्रेस, १८७७ साली आयोवात. पाच मुले आणि चार राज्ये! ही नावे नकाशावर ओळीने मांडली की, गाडीच्या चाकोऱ्या कुठून कुठे गेल्या ते समोर दिसू लागते. आई सांगत नाही, बाप सांगत नाही, पण मुलांचे जन्म सांगतात.

मात्र शिरगणतीचा कागद म्हणजे वेदवाक्य नव्हे. गणती करणारा घोड्यावरून यायचा. घरात जो भेटेल त्याला विचारायचा. कधी कधी घरी कोणी नसले की शेजाऱ्यालाच विचारायचा. वय अंदाजाने, आडनाव कानाला लागेल तसे. इंगल्सचे इंगल्ज, इंगाल, इंगल्स असे काहीही व्हायचे. म्हणून नावाच्या एकाच स्पेलिंगला चिकटून बसणाऱ्याला अर्धी माणसे सापडतच नाहीत. नाव, वय, बायकोचे नाव, मुलांची नावे आणि शेजारी, अशी चारपाच लक्षणे जुळली तरच माणूस तोच समजावा.

आणखी एक अडचण दैवाने घातलेली आहे. १८९० ची शिरगणती जवळजवळ सगळी गेली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथील एका सरकारी इमारतीच्या तळघराला आग लागली. काही कागद जळले, पुष्कळ पाण्याने भिजले. उरलेलेही पुढे नष्ट करण्यात आले. त्यामुळे १८८० ते १९०० या वीस वर्षांत जी माणसे पश्चिमेकडे गेली, त्यांच्या वंशजांना आजही मध्येच एक खंदक लागतो. तो ओलांडायला जमिनीच्या कागदांचा आधार घ्यावा लागतो.

शेतकरी बंधूंना हा भाग लगेच उमजेल. माणूस विसरतो, पण जमीन कुणाच्या नावावर होती हे दप्तर विसरत नाही. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचे नाव होमस्टेड कायदा. एकवीस वर्षे पुरी झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणाही नागरिकाने, नागरिक होऊ इच्छिणाऱ्यानेही, सरकारी जमिनीतून १६० एकर मागून घ्यावेत. अविवाहित बाईला आणि विधवेलाही हा हक्क होता. अट एवढीच की, पाच वर्षे त्या जमिनीवर राहायचे, घर बांधायचे आणि जमीन कसायची. मग ती त्याच्या मालकीची. फी सारी मिळून सुमारे अठरा डॉलर. या कायद्याखाली पुढे सुमारे सोळा लाख सनदा दिल्या गेल्या आणि सुमारे सत्तावीस कोटी एकर जमीन वाटली गेली.

पण सरकार नुसत्या शब्दावर सनद देत नव्हते. पाच वर्षांनंतर शेतकऱ्याने कचेरीत येऊन जबानी द्यायची. घर केव्हा बांधले? किती लांब, किती रुंद? दारे किती, खिडक्या किती? किती एकर नांगरली? पिके किती घेतली? घरात माणसे किती? मध्ये कुठे बाहेरगावी राहिलास का आणि का? शिवाय दोन शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची. जो परदेशातून आलेला असेल त्याने नागरिकत्वाचा दाखला जोडायचा. हे सारे कागद आज अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जपून ठेवलेले आहेत. जमीन तरी कशी मोजलेली? सारा मुलूख सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनांत कापलेला. त्या चौकोनाचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. त्याचा एक पाव म्हणजे १६० एकर. त्यामुळे शंभर वर्षांनंतरही अमक्याचे शेत कुठे होते ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

चार्ल्स इंगल्सने अशी जमीन डकोटा प्रदेशात, द स्मेट गावाजवळ, १८८० च्या फेब्रुवारीत मागितली. तिचा पुरावा त्याने १८८६ साली दिला. म्हणजे १८९० ची शिरगणती जळाली तरी हा माणूस त्या वर्षांत कुठे होता याचा भक्कम पुरावा उरला.

खरेदीखतांनी तर एक नवीनच गोष्ट उघड केली. लॉराच्या पुस्तकांवरून वाचकाला वाटते की, इंगल्स मंडळी विस्कॉन्सिनच्या जंगलातून निघाली ती थेट कॅन्सासच्या माळावर उतरली. पण मिसूरी राज्यातल्या चॅरिटन तालुक्याच्या दप्तरात १८६८ सालचा चार्ल्सच्या जमीनखरेदीचा कागद आहे. म्हणजे मध्ये मिसूरीत थांबण्याचा बेत झाला होता. लॉरा तेव्हा वर्षसव्वावर्षाची. तिला त्याची आठवण कुठून असणार? आणि जे तिला आठवत नव्हते ते तिच्या कथेतही आले नाही.

आता त्या हरवलेल्या घराकडे वळू. मंडळी कॅन्सासात पोचली ती १८६९ साली, आणि १८७१ च्या वसंतात परत फिरली. लॉरा आली तेव्हा अडीच वर्षांची होती, निघाली तेव्हा चार वर्षांची. तिने ते घर पाहिले होते खरे. पण जे तिने लिहिले ते बहुतेक आईवडिलांच्या आणि थोरल्या बहिणीच्या तोंडून ऐकलेले. त्यात कुठेतरी ‘चाळीस मैल’ हा आकडा शिरला. चाळीस मैल दक्षिणेकडे मोजले की कॅन्सास संपते आणि ओक्लाहोमा लागते. त्या काळी ओक्लाहोमाला इंडियन टेरिटरी म्हणत. मायलेकींनी तिकडे शोधले यात त्यांचा काय दोष?

इकडे १८७० ची शिरगणती दप्तरात पडून होती. तिच्यात, कॅन्सास राज्याच्या मॉन्टगोमेरी तालुक्यात, रटलंड नावाच्या भागात, चार्ल्सचे कुटुंब नोंदलेले आहे. नवराबायको, मेरी, लॉरा, आणि नुकतीच जन्मलेली कॅरी. कॅरीचा जन्म ३ ऑगस्ट १८७० चा. घरच्या बायबलातही तिचे जन्मस्थान मॉन्टगोमेरी तालुका असेच लिहिलेले. दोन कागद, एक घरचा आणि एक सरकारचा. दोघांचे म्हणणे एक. मग चाळीस मैल हे बरोबर असूच शकत नाही!

यावर तिथल्याच एका संशोधक बाईंनी पुढचे काम केले. गणती करणारा घरामागून घर घेत जातो, हे तर उघड आहे. म्हणजे यादीत ज्यांची नावे शेजारी, ती घरेही शेजारी. त्यांतले पुष्कळ शेजारी तिथेच राहिले आणि पुढे त्यांनी आपापली जमीन सरकारकडून रीतसर घेतली. त्या जमिनींचे नकाशे उपलब्ध आहेत. शेजाऱ्यांची शेते नकाशावर मांडीत गेले की मधला तुकडा उरतो. तो इंगल्सचा. त्या जागेवर एक जुनी हाताने खणलेली विहीरही आहे. इंडिपेंडन्सपासून अंतर सुमारे तेरा मैल.

या शेजाऱ्यांत एक नाव फार मोलाचे आहे. लॉराच्या पुस्तकात असा प्रसंग आहे की, सारे घर हिवतापाने आजारी पडते आणि डॉक्टर टॅन नावाचा एक काळा डॉक्टर येऊन त्यांना वाचवतो. वाचकाला वाटावे, हा डॉक्टर कल्पनेतला असेल. पण १८७० च्या त्याच शिरगणतीत जवळच राहणारा जॉर्ज टॅन हा डॉक्टर नोंदलेला आहे. त्याचे थडगे इंडिपेंडन्सच्या दफनभूमीत आजही पाहायला मिळते. तेव्हा बघा, लेकीच्या आठवणीतले अंतर चुकले, पण माणूस चुकला नाही. घरच्या सांगीचे असेच असते. आकडे आणि तारखा निसटतात, उपकार करणाऱ्याचे नाव टिकते. म्हणून सांगी टाकूनही द्यायची नाही आणि तशीच्या तशी घ्यायचीही नाही.

इथवर सारे ठीक झाले. पण त्या शिरगणतीच्या कागदावर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

प्रत्येक कुटुंबापुढे जमिनीच्या किमतीचा रकाना असे. रटलंड भागाच्या पानांवर हा रकाना रिकामा आहे. आणि गणती करणाऱ्याने शेवटी शेरा मारून ठेवला आहे की, या जमिनी ओसेज इंडियन लोकांच्या आहेत, वसाहत करणाऱ्यांचा त्यांवर मालकीहक्क नाही.

म्हणजे चार्ल्स इंगल्सने ज्या जमिनीवर ओंडके रचून घर बांधले, विहीर खणली, नांगर घातला, ती जमीन त्याची नव्हती. सरकारचीही नव्हती. करारान्वये ती ओसेज लोकांसाठी राखलेली होती. अशी हजारो माणसे त्या मुलखात घुसून बसली होती. ओसेज लोक म्हशी-गव्यांच्या शिकारीला लांब गेले की, इकडे त्यांच्या माळावर नवी खोपटी उभी राहायची. शेवटी जुलै १८७० मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला. ओसेज लोकांनी हा मुलूख सोडून दक्षिणेला, इंडियन टेरिटरीत जावे, आणि त्यांची जमीन वसाहतकऱ्यांना एकरी सव्वा डॉलरने विकावी. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ओसेज पुढाऱ्यांनी ते मान्य केले. मान्य न करून जायचे कुठे? ते गेले. त्यांच्या वंशजांची वस्ती आजही ओक्लाहोमात आहे.

लॉराच्या पुस्तकात मंडळी परत का फिरतात? तर सरकारी सैन्य येऊन वसाहतकऱ्यांना हुसकून लावणार अशी बातमी येते, म्हणून. पण कागद पाहिले तर उलटेच दिसते. सरकारने घालवले ते ओसेजांना. वसाहतकऱ्यांना जमीन मिळाली. चार्ल्स परत गेला त्याचे कारण घरगुती होते. विस्कॉन्सिनमधले शेत ज्याला विकले होते, त्याला पुढचे पैसे देणे जमले नाही आणि ते शेत चार्ल्सकडे परत आले.

मग चार्ल्स इंगल्स वाईट माणूस होता काय? असे म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. कर्ज, दुष्काळ आणि चार लहान तोंडे, यांच्या कचाट्यात सापडलेला तो एक कष्टाळू माणूस होता. पण त्याच्या कष्टाची कथा सांगताना ज्याच्या शेतात तो कष्ट करीत होता त्याचे नाव गाळले, तर ती कथा अर्धीच राहते. वंशावळ लावणारा माणूस आपल्या पूर्वजाच्या कौतुकासाठी निघतो, हे साहजिक आहे. पण कागद त्याच्यापुढे दुसऱ्याचेही पूर्वज आणून उभे करतो. तेव्हा मान वळवायची नाही, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

घराणी आपल्याबद्दलही सारे सांगत नाहीत. वर मी एका मुलाचा उल्लेख केला. १८७५ साली मिनेसोटात जन्मलेला. त्याचे नाव फ्रेडी. तो नऊ महिन्यांचा होऊन १८७६ च्या ऑगस्टमध्ये वारला. लॉराच्या आठ पुस्तकांत या भावाचे नावही नाही. त्यानंतर कुटुंब आयोवात बर ओक या गावी गेले आणि तिथल्या एका खाणावळीत काम करू लागले. तेही पुस्तकांत नाही. शेवटी तिथून त्यांनी रातोरात गाडी हाकली, कारण भाडे थकले होते. लॉराने आत्मवृत्त म्हणून आधी जे लिहिले होते, त्यात हे आहे. ते हस्तलिखित सर्वांना वाचायला मिळाले ते २०१४ साली छापून निघाल्यावर.

मिनेसोटातल्या दिवसांचा आणखी एक कागद आहे. तिथे १८७३ पासून सतत चार-पाच वर्षे टोळधाड आली. उभी पिके फस्त झाली. सरकारने गरिबांना पीठ वाटायचे ठरवले, पण त्यासाठी, माझ्यापाशी काहीही साधन उरलेले नाही, अशा लेखावर सही करावी लागे. १८७५ च्या नोव्हेंबरात चार्ल्स इंगल्सने अशी सही करून सव्वापाच डॉलर किमतीचे पीठ घेतले. पुस्तकातला बाप कुणाचे मिंधेपण पत्करीत नाही. कागदावरच्या बापाने मुलांसाठी ते पत्करले. खरे सांगू का श्रोतेहो, मला तो कागदावरचा बाप अधिक जवळचा वाटतो. ज्याने टोळधाड किंवा दुष्काळ पाहिला आहे, त्याला त्या सहीचे वजन सांगायला नको.

लॉराबाईंनी लबाडी केली असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांनी मुलांसाठी कथा लिहिली, कोर्टात साक्ष दिली नाही. चूक होते ती आपली. आपण कथेला दप्तर समजतो. थोरली बहीण मेरी १८७९ साली आंधळी झाली. पुस्तकात कारण दिले आहे, स्कार्लेट ताप. मुलांच्या आजारांवरील एका वैद्यकीय मासिकात २०१३ साली काही संशोधकांनी लॉराचे आत्मवृत्त, तिची पत्रे आणि त्या वेळची स्थानिक वर्तमानपत्रे ताडून पाहिली. त्यांचे मत असे पडले की, तो मेंदूला आलेल्या सुजेचा आजार असावा. खेड्यातल्या वर्तमानपत्राची चार ओळींची बातमीसुद्धा सव्वाशे वर्षांनी कशी उपयोगी पडते ते यावरून कळेल.

आता बायकांविषयी दोन शब्द. वंशावळीत बायका लवकर हरवतात, कारण लग्नानंतर आडनाव बदलते. चार्ल्सच्या बायकोचे नाव कॅरोलाइन, माहेरचे आडनाव क्वायनर. १ फेब्रुवारी १८६० ला विस्कॉन्सिनमधल्या कॉन्कॉर्ड येथे त्यांचे लग्न झाले. माहेरचे आडनाव कळल्यावर काय उलगडले पाहा. क्वायनर आणि इंगल्स ही शेजारची घराणी, आणि दोन घरांत मिळून तीन लग्ने झाली. चार्ल्सची बहीण पॉली कॅरोलाइनच्या भावाला दिली. चार्ल्सचा भाऊ पीटर याने कॅरोलाइनच्या बहिणीशी लग्न केले. म्हणजे पुढच्या पिढीतली मुले एकमेकांची चुलत-आतेभावंडे, आणि तीच मामे-मावसभावंडेही! मिसूरीला कोण गेले, कोणाबरोबर कोणाचे शेत होते, हे नाते कळल्यावाचून उमगत नाही. बाईचे माहेर शोधले नाही तर अर्धे घराणे अंधारात राहते.

१९०० च्या शिरगणतीत बायकांना असाही प्रश्न होता की, मुले किती झाली आणि हयात किती? या दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे फ्रेडीसारखी मुले. ज्यांचे नाव कोणी सांगत नाही अशी.

आणि काही माणसांची तर नावे लिहिलीच गेली नाहीत. १८५० आणि १८६० साली गुलामांची यादी वेगळी केली. तीत मालकाचे नाव आहे. त्याच्याखाली गुलामांचे वय, स्त्री की पुरुष, आणि रंग. बहुतेक ठिकाणी नाव नाही. या लोकांची नावे सरकारी शिरगणतीत पहिल्यांदा आली ती गुलामगिरी संपल्यावर, १८७० साली. आज काळ्या अमेरिकन माणसाने आपले पणजोबा शोधायला घेतले की, तो १८७० पर्यंत जातो आणि तिथे भिंतीला टेकतो. पुढे जायचे तर मालकाच्या मृत्युपत्रात किंवा खरेदीविक्रीच्या कागदांत, गुराढोरांच्या यादीजवळ आपला पूर्वज शोधावा लागतो. इंगल्सच्या वंशजाला चार शतके मागे जाता येते, आणि त्याला दोन शतके जाणेही अवघड पडते. दप्तरसुद्धा सर्वांना सारखे वागवीत नाही.

चार शतके म्हणालो, ते खरे आहे. १९०३ साली या घराण्याचा एक कुलवृत्तांत छापला गेला. मूळ पुरुष एडमंड इंगल्स. १६२९ च्या सुमारास हा इंग्लंडमधून येऊन मॅसॅच्युसेट्समधल्या लिन येथे राहिला. त्याची नात मार्था कॅरियर. सेलमच्या चेटूक खटल्यात तिला चेटकीण ठरवून १९ ऑगस्ट १६९२ ला फाशी दिले. घराण्यात अशी माणसेही निघतात. ती लपवायची की लिहायची, हे वृत्तांत लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर असते.

पण मूळ पुरुषाकडे उडी मारण्याचा मोह फार वाईट. एखादे सारखे नाव दिसले की, ‘सापडला आमचा पूर्वज’ म्हणून माणूस धावतो. एकाच नावाची दोन माणसे एकाच गावात असू शकतात. प्रत्येक पायरीला बाप-लेकाचे नाते दाखवणारा एक तरी कागद हवा. आता हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. जुन्या शिरगणत्यांची पाने संगणकावर घरबसल्या पाहता येतात. बहात्तर वर्षे झाल्यावर ती खुली होतात. १९५० ची शिरगणती १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. पण सोय वाढली तसा आळसही वाढला. एकाने चुकीची वंशावळ मांडली की शंभर जण ती उतरवून घेतात, आणि शंभर ठिकाणी दिसली म्हणून ती खरी वाटू लागते. चूक शंभरदा लिहिली तरी चूकच राहते.

शिक्षक बंधू-भगिनींनी या गोष्टीतून मुलांना चार प्रश्न विचारायला शिकवावे. हे कोणी सांगितले? ते त्याने स्वतः पाहिले की ऐकले? घडल्यानंतर किती दिवसांनी सांगितले? आणि दुसरा एखादा साक्षीदार तेच सांगतो काय? लॉराच्या ‘चाळीस मैलां’ना हे चार प्रश्न लावले की आकडा आपोआप डळमळतो. डॉक्टर टॅनला लावले की तो अधिकच पक्का होतो.

आणि पाचवा प्रश्न माझ्याकडून. या कागदावर कोणाचे नाव असायला हवे होते, पण नाही?

इंगल्सच्या त्या जागेवर आज ओंडक्यांचे एक झोपडे उभे आहे. जुन्याच्या नमुन्यावर १९७७ साली ते बांधले. लांबलांबून मुले ते पाहायला येतात. लॉराबाई १९५७ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारल्या. ते घर त्यांना पुन्हा दिसले नाही. ज्या कागदावर त्याचा पत्ता होता, त्याच कागदावर जमिनीच्या खऱ्या मालकाचेही नाव होते. घर शोधायला जो तो कागद उघडील, त्याने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.